आपाने न घातलेली शपथ

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेले नाही. पत्नी हयात होती तेव्हा तिच्या नाही. मशिदीत ज्यांच्या खांद्याला खांदा लावून चाळीस वर्षे उभा राहिलो, त्यांच्या नाही. आणि ज्याच्यापासून काही लपत नाही असे मी इतरांना शिकवत आलो, त्याच्यापुढेही सजद्यात मी हे कधी शब्दांत मांडले नाही. तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण. दुसरे असे की माझ्याविषयी एक खोटी हकिकत लवकरच छापून येणार आहे, आणि खोटे छापून येऊ देणे माझ्या स्वभावात बसत नाही – निदान लोक तसे समजतात.

स्वभावाचे आधी सांगून टाकतो. मी भांडखोर माणूस आहे. अमरावतीच्या एका शाळेत एकतीस वर्षे मराठी शिकवले. मुसलमान असून मराठी शिकवता, म्हणून कुणी कौतुक केले, तर त्याच्याशी भांडलो. कुणी शंका घेतली, तर त्याच्याशीही भांडलो. राजापेठेत आमच्या गल्लीत आता शिकवणी वर्गांच्या पाट्याच पाट्या आहेत. त्यांतल्या निम्म्या पाट्यांवरचे शुद्धलेखन मी मालकांशी वाद घालून दुरुस्त करायला लावले आहे. लग्नात असो की मयतीत, कुणी जुनी हकिकत चुकीची सांगू लागला की मी मधेच बोलतो – असे नव्हते, असे होते. लोक म्हणतात, सरांसमोर खोटे टिकत नाही. हे वाक्य ऐकले की मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

आठ दिवसांपूर्वी इरफान आला होता. इरफान माझा जुना विद्यार्थी. आता आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयाचा कारभार तोच पाहतो. शुक्र – म्हणजे कृतज्ञता – या विषयावर मी वर्षानुवर्षे जी व्याख्याने दिली, त्यांची एक पुस्तिका वाचनालय काढते आहे. प्रस्तावना त्याने लिहिली आहे. तिची मुद्रिते तपासायला घेऊन आला होता. त्यात हे लिहिलेले होते: 'सरांना आपले मूत्रपिंड देऊन जीवदान देणारी व्यक्ती त्यांची सख्खी बहीण होती, हे तिच्या निधनानंतर उघड झाले. दान गुप्त राहावे म्हणून त्या थोर स्त्रीने आपले नाव न घेण्याची शपथ भावाला घातली होती आणि सरांनी ती अखेरपर्यंत पाळली.'

मी चष्मा लावला, लाल शाईचे पेन घेतले. दोन ठिकाणी वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली. एक स्वल्पविराम काढला. आणि कागद त्याच्या हाती दिला – 'चांगले लिहिले आहेस.'

असे कुणी करते का? वेलांटी दुरुस्त करतो आणि खोटे तसेच ठेवतो?

शुक्राविषयी मी काय सांगत असे, ते तुम्हाला ठाऊक असले पाहिजे. त्यावाचून पुढचे कळणार नाही. शुक्र तीन ठिकाणी असावा लागतो. मनात – जे लाभले ते आपल्या कर्तृत्वाचे नव्हे, ते दिलेले आहे, ही जाणीव. जिभेवर – देणाऱ्याचे नाव घेणे. आणि अवयवांत – मिळालेल्या देणगीचा उपयोग देणाऱ्याला आवडेल असाच करणे. सुवार्ता आली की असू तिथे सजदा करावा, कपाळ जमिनीला टेकवावे, ही आमच्याकडची जुनी रीत. पण एवढ्याने भागत नाही, असे मी आवाज चढवून सांगत असे. पैगंबरसाहेबांची शिकवण आहे की जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही मानत नाही. उपकार फेडता येत नसेल, तर निदान त्याचा उच्चार तरी करावा. ज्याने उच्चार केला त्याने आभार मानले, आणि ज्याने झाकला त्याने तो नाकारला. हे मी प्रत्येक व्याख्यानात सांगितले. फक्त एका व्याख्यानात सांगितले नाही.

त्या एका व्याख्यानाकडे यायचे आहे. पण त्याआधी राबियाआपा.

माझी बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आमचे गाव अकोल्याच्या पलीकडचे, काळ्या मातीचे. तिथले मुसलमान घरीदारी वऱ्हाडीच बोलत, मधे थोडी हिंदी मिसळून. मी शिकलो आणि ती बोली जिभेवरून खरवडून काढली. आपाने ती जशीच्या तशी ठेवली. लग्न होऊन ती अकोल्याला अकोट फैल या वस्तीत गेली, आणि पस्तिशीच्या आत विधवा झाली. पदरात एक मुलगी – नसरीन. आपाने ओसरीवर शिवणयंत्र मांडले आणि बायकांचे ब्लाउज शिवू लागली. पाटी लावली. पाटीवर स्वतःचे नाव.

मला ते सहन झाले नाही. का? – हा प्रश्न मी आज विचारतो. तेव्हा विचारला नव्हता. मी 'सर' झालो होतो. माझ्या बहिणीचे नाव रस्त्यावरच्या पाटीवर, आणि खाली 'ब्लाउज शिवून मिळतील'. एका नातेवाइकाच्या लग्नात, पंगतीत, पाच-पन्नास लोकांसमोर मी म्हणालो की आमच्या घराण्यात बायकांनी दुकान मांडायची पद्धत नाही. जिने मांडले तिने ते स्वतःच्या हिमतीवर मांडले, आम्ही त्यात नाही. आपा पडद्याच्या त्या बाजूला जेवत होती. त्यानंतर चार वर्षे मी तिच्या घराची पायरी चढलो नाही. आता लोक सांगतात की भावाबहिणीचे फार प्रेम होते. असे नव्हते. प्रेम तिचे होते. माझे नाक होते.

मग माझी मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून दोनदा रक्त गाळून घ्यायला जायचे, आणि उरलेले दिवस त्यातून सावरण्यात घालवायचे. पाणी मोजून, मीठ बंद, संत्री बंद – आणि वऱ्हाडात राहून संत्री बंद म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचे नाही. पत्नीला मधुमेह, तिचे चालणार नव्हते. मुलाचा रक्तगट जुळला नाही. आपाला कुणी कळवले, मला ठाऊक नाही; मी कळवले नव्हते. एके दुपारी ती एसटीने आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन लुगडी आणि एक्स-रे ठेवायचा रिकामा लिफाफा – तो कुठून तरी मागून आणलेला. दारात चप्पल काढता काढताच म्हणाली, 'नागपूरले कवा जाच?'

चार वर्षांनी पाहत होतो तिला.

'असा पाहू नोको,' ती म्हणाली. 'तुह्यासाठी नाही देऊन राहिली मी. अब्बाचं नाक हाय तुह्या तोंडावर. ते मातीत जाऊ द्याचं नाही मले.'

नागपूरला तपासण्या झाल्या, जुळले, आणि महिनाभरात शस्त्रक्रिया झाली. नसरीन तेव्हा नुकतीच लग्न होऊन बुऱ्हाणपूरला गेली होती आणि पोटुशी होती, दुसराच महिना. तिच्या जिवाला घोर नको म्हणून आपाने तिला कळवले की मुतखड्याची शस्त्रक्रिया आहे. बाळंतपण होऊ दे, मग सांगू, असे ठरले. ठरवणारी आपाच होती. हे लक्षात ठेवा – मग सांगू.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. निघताना तिथल्या डॉक्टरांनी मला समोर बसवले. आपा खाटेवर होती. ते म्हणाले, तुम्ही शिकलेले आहात, म्हणून तुम्हाला सांगतो. यांना आता एकच मूत्रपिंड आहे. दरवर्षी तपासणी झाली पाहिजे. अंगदुखीच्या गोळ्या मनाने कधीही घ्यायच्या नाहीत. कुठल्याही डॉक्टरकडे गेल्या तर पहिले वाक्य हे सांगायचे की एकच आहे. हे सगळे कागदावर लिहून दिले आहे. कागद इंग्रजीत होता. आपा उर्दू वाचायची, मराठी अडखळत वाचायची. मी मान डोलावली. कागदाची घडी घातली. त्या कागदाचे पुढे काय झाले, ते येईलच.

सात-आठ महिन्यांनी मी हिंडू-फिरू लागलो, तेव्हा मोहल्ल्याने माझ्यासाठी शुक्राची मजलिस ठेवली. दुआ, माझे व्याख्यान आणि नंतर जेवण. मांडवात पुरुष, कनातीमागे बायका. आपा अकोल्याहून आली होती, कनातीमागे पहिल्या रांगेत बसली होती. मी बोललो – उत्तम बोललो. बोलता बोलता मी तिथेच, सतरंजीवर, सर्वांसमोर सजद्यात गेलो. लोक रडले. आजही रडणारे भेटतात. मी उठलो, आणि समोरून एका वृद्ध हाफिजसाहेबांनी विचारले – त्यांचे डोळे गेलेले होते, आवाज मात्र खणखणीत – 'मास्तर, अल्लाहचं शुक्र तर झालं. पण वसीला कोण? देणारा कोण? त्याच्यासाठीही दुआ करू.'

साधा प्रश्न होता. उत्तर दोन शब्दांचे होते. कनातीमागे, वीस हातांवर, उत्तर बसले होते.

मी सभेकडे पाहिले. चार-पाच वर्षांपूर्वी त्या पंगतीत होते त्यांतले कितीतरी लोक तिथे होते. मी ज्या दुकानाशी आमचा संबंध नाही म्हणालो होतो, त्या दुकानावर बसणाऱ्या बाईच्या मांसावर मी जिवंत आहे – हे त्यांना सांगायचे? अल्लाहचे आभार मानणे सोपे असते, हे मला त्या क्षणी कळले. त्याच्यापुढे वाकण्यात कमीपणा नाही. उलट वाकणाऱ्याला लोक मोठा समजतात. पण बहिणीपुढे?

मी म्हणालो, 'देणाऱ्या व्यक्तीने मला शपथ घातली आहे. नाव घ्यायचे नाही.'

मांडवात एक उसासा उमटला. गुप्त दान – उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये असे दान! हाफिजसाहेबांनी हात वर केले आणि अनाम दात्यासाठी दुआ मागितली. सगळ्यांनी आमीन म्हटले. कनातीमागूनही आमीन आले. त्यात तिचाही आवाज असणारच. माझ्या पत्नीला आणि मुलाला देणारी कोण ते ठाऊक होते; शपथ आपानेच घातली असे समजून त्यांनीही ते पुढे कुणाला सांगितले नाही.

संध्याकाळच्या गाडीने ती परत निघाली. रिक्षापर्यंत मी सोडायला गेलो. नागपूरचा तो कागद माझ्या खिशात होता. सात महिने माझ्याच पिशवीत पडून होता. घडी न उलगडता मी तो तिच्या हातात दिला. म्हणालो, 'दवाखान्याचे आहे. जपून ठेव.' त्यात काय लिहिले आहे, ते सांगितले नाही. सांगायचे म्हणजे त्या विषयावर बोलावे लागले असते. तिने कागद पिशवीत घातला, रिक्षात बसली, आणि मग, अगदी सहज, शिलाईचे माप विचारावे तशी म्हणाली,

'मी कवा घातली रे शपथ?'

मी तिची पिशवी पायांशी नीट सरकवली.

तिने माझ्याकडे पाहिले. 'बरं,' ती म्हणाली. 'आता घातली समज.'

रिक्षा गेली. तुम्हाला कळते ना, तिने काय केले? एक अवयव तिने नागपुरात दिला होता. दुसरी देणगी तिने राजापेठेतल्या रिक्षात बसून दिली – माझे खोटे तिने खरे करून दिले. आणि ते खरे राहावे म्हणून तिने ते पाळले. नसरीनला बाळ झाले. तिने सांगितले नाही. शेजारणींना सांगितले नाही. तिच्या मोहल्ल्यातल्या डॉक्टरला सांगितले नाही, कारण तो डॉक्टर आमच्याच ओळखीतला, त्याचे मेहुणे अमरावतीत माझ्या व्याख्यानांना येत. शपथ मी बोललो, पाळली तिने. इरफानने लिहिले आहे की सरांनी पाळली.

मी काय केले? मी दरवर्षी संत्री पाठवली.

शेंदूरजनाघाटला माझा एक विद्यार्थी आहे, त्याच्या बागा आहेत. बहार आला की तो पेटी पाठवी. ती पेटी मी तशीच एसटीवर चढवून अकोल्याला धाडी. कधी स्वतः घेऊन जाई – आता मी तिच्या घरी जाऊ लागलो होतो, ओसरीवरच्या पाटीखालून. बरोबर चिठ्ठी नसे. एकदा तिने निरोप धाडला होता: 'संत्री गोड हायेत. तुह्यावानी नाहीत.' मी तो निरोप सगळ्यांना हसत सांगितला. लोक म्हणाले, बघा बहिणीची माया.

शस्त्रक्रियेला अकरा वर्षे झाली होती, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. खरे तर आतापर्यंत जे सांगितले ते सगळे कुणीतरी कधीतरी शोधून काढले असते. हे नाही. हे पाहणारा मी एकटा होतो.

मी पेटी घेऊन गेलो होतो. नसरीन माहेरी आली होती, आत चहा ठेवत होती. पेटीला सुतळीचे घट्ट बंध होते. आपा म्हणाली, खणात कातर हाय, घे. मी शिवणयंत्राचा खण ओढला. बॉबिन, खडू, मापाची फीत, कातर – आणि अंगदुखीच्या गोळ्यांच्या पट्ट्या. एक नव्हे, पाच-सहा. रिकाम्या, अर्ध्या, भरलेल्या. मी पट्टी उचलली. नाव वाचले. ते नाव माझ्या स्वतःच्या कागदांवर लाल शाईने अधोरेखित केलेले आहे. अकरा वर्षे मी ते ओळखत होतो. कुठल्याही औषधाच्या दुकानात मी आधी ते नाव सांगतो – हे मला चालत नाही.

आपाने पाहिले. 'गुडघ्याच्या हायेत,' ती म्हणाली. 'मशीन चालवून चालवून गुडघे गेले माह्ये. सकायी एक घेतली का दिवस निघते. डॉक्टरनंच देल्ल्या, मनानं नाही घेत मी.'

किती काळ घेत होती? मी विचारले नाही.

बोलायचे होते ते एक वाक्य. आपा, ह्या घेऊ नकोस, तुला एकच मूत्रपिंड आहे. एवढेच. पण ते वाक्य उच्चारले की आतून नसरीन विचारणार – एकच का? आणि मग दुसरे कुठे आहे, ते सांगावे लागणार. त्या घरात तो विषय अकरा वर्षांत निघालेला नव्हता. मी तिचे आभार मानले नव्हते. आणि ज्याचे आभार मानले नाहीत, त्याबद्दल सावध तरी कोणत्या तोंडाने करायचे? मनात असेही आले – मी लपवणार नाही – की डॉक्टरने दिल्या आहेत, तर त्याला कळत असेल. त्याला कळणार कसे? तो कागद मी घडी घालून दिला होता.

मी पट्टी परत खणात ठेवली. खण लावला. कातरीने सुतळी कापली. नसरीन चहा घेऊन आली. आम्ही तिघांनी संत्री सोलली. मी दोन खाल्ली. मला आता चालत होती.

त्यानंतरही मी सहा-सात वेळा त्या घरी गेलो. खण तिथेच होता.

त्या हिवाळ्यानंतर चौथ्या वर्षी तिच्या पायांवर सूज आली, मग तोंडावर. अकोल्यात मोठ्या दवाखान्यात नेले तेव्हा पोटाच्या तपासणीत दिसले की एक मूत्रपिंड मुळी नाहीच, आणि आहे ते संपले आहे. तिथल्या डॉक्टरांनी नसरीनला सांगितले, जन्मतःच एक असेल, असते काहींना. आपा खाटेवर पडल्या पडल्या हे ऐकत होती. तिने तिथेही माझी शपथ पाळली.

मी भेटायला गेलो. काय घेऊन गेलो असेन? संत्री. जो माणूस स्वतः त्या यंत्राला जोडलेला असताना संत्र्याच्या फोडीसाठी तरसला होता, तो संत्र्यांची पिशवी घेऊन तिच्या खाटेपाशी उभा होता. तिथली परिचारिका म्हणाली, 'बाबा, हे नाही चालत यायले. विषच हाय हे.' आपा हसली. 'ठेवू द्या वं बाई,' ती म्हणाली. 'खाऊ नाही देत, तं वास तं घेऊ द्यान.' तिने एक संत्रे हातात घेतले आणि नाकाशी धरून ठेवले. हातावर सुयांचे काळेनिळे डाग होते.

खोलीत आम्ही दोघेच होतो. नसरीन औषधे आणायला गेली होती. माझ्याकडे वेळ होता, एकांत होता, आणि शब्द – शब्दांवर तर मी जगलो. आमच्याकडे उपकारकर्त्याला म्हणायचे एक वाक्य आहे, लहान मुलालाही येते: अल्लाह तुला याचे उत्तम फळ देवो. मी ते शेकडो माणसांना म्हणालो आहे. पाणी देणाऱ्याला, जोडे सरकवणाऱ्याला. तिला मी काय म्हणालो, ठाऊक आहे? मी म्हणालो, 'आपा, शुक्र कर. शुक्राने त्रास हलका होतो.'

तिने संत्रे नाकाशी तसेच धरले होते. त्याच्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाली,

'मी तं करूनच राहिली. तुह्यं सांग.'

मी खिडकीबाहेर पाहिले. मग नसरीन आली. नवव्या दिवशी आपा गेली.

तिला जाऊन तीन वर्षे झाली. मागल्या वर्षी नसरीनने आपाची पेटी आवरताना कपड्यांच्या तळाशी तो नागपूरचा कागद पाहिला. वाचला – तिला इंग्रजी येते. आणि मला फोन केला. रडत नव्हती, चिडलेली होती. 'मामू, अम्मीला सगळं माहीत होतं,' ती म्हणाली. 'एकच आहे, गोळ्या घ्यायच्या नाहीत, सगळं लिहिलेलं होतं. तरी तिनं ना मला सांगितलं, ना डॉक्टरला. तुमच्यावर उपकार केला तो लपवण्यासाठी. तुम्ही मजलिसमध्ये सांगितलेली ती शपथ तिला पोटच्या पोरीपेक्षा मोठी झाली. मी तिला कधीच माफ नाही करणार.' मी म्हणालो, 'बेटा, ती तशीच होती. हट्टी.'

हे मी म्हणालो. मागल्या वर्षी. या वयात.

नसरीनकडून ती गोष्ट मोहल्ल्यात आणि इरफानपर्यंत पोहोचली. आता माझ्या सवयीप्रमाणे मी दुरुस्ती करतो. नसरीन म्हणते, अम्मीला माहीत होते. असे नव्हते. तो कागद तिला वाचता येत नव्हता आणि ज्याने वाचून दाखवायचा त्याने घडी घालून दिला. इरफान म्हणतो, तिने शपथ घातली होती. असे नव्हते. ती शपथ मी तिच्या तोंडी घातली. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंड जन्मतःच एक असेल. असे नव्हते. जन्मतः दोन होते. एक माझ्याकडे आहे. आणि मी स्वतः म्हणालो की ती हट्टी होती. असेही नव्हते. ती बाळंतपण झाल्यावर मुलीला सांगणारच होती.

बसवलेले मूत्रपिंड पाठीकडे नसते, पुढे असते, पोटाच्या खालच्या भागात, उजवीकडे, बोटांना लागते. सजद्यात गेलो की मांडी त्याला टेकते. दिवसातून पाच वेळा, प्रत्येक वेळी कित्येकदा, माझ्या आणि जमिनीच्या मधे ती असते. ती तिकडे अकोल्यात मातीत आहे, आणि तिचा एवढा तुकडा इथे जिवंत आहे, काम करतो आहे, त्याच्या बळावर मी हे लिहितो आहे. डॉक्टर म्हणतात, इतकी वर्षे टिकले, नवल आहे. त्यांना मी सांगितले नाही की ते कुणाचे आहे. ते टिकणारच.

माणसाचा हक्क माणसानेच सोडावा लागतो. तो अल्लाहही परस्पर माफ करत नाही, हेही मी व्याख्यानात सांगत असे. जिने सोडायचा ती गेली. म्हणून त्याच्याकडे मी काही मागत नाही. तुमच्याकडेही नाही.

आज सकाळी इरफानकडून मुद्रिते परत मागवली. हे जे लिहिले आहे त्याची एक प्रत आधी नसरीनला पाठवली. समोर जाऊन सांगायला हवे होते, ते झाले नाही, तेही इथे नोंदवतो. मग प्रस्तावनेतली ती दोन वाक्ये लाल शाईने खोडली आणि समासात त्याऐवजी घालायचा मजकूर लिहिला. देणारीचे म्हणून हे नाव छापण्यासाठी मी माझ्या हाताने प्रथमच लिहिले:

मूत्रपिंड देणारी: राबियाबी. ब्लाउज शिवणारी, अकोट फैल, अकोला. तिने कसलीही शपथ घातली नव्हती.